वजन घटवणाऱ्या ‘हर्बल’ कॅप्सूलमध्ये औषध मिसळलंय का? घरापासून प्रयोगशाळेपर्यंतची तपासणी

डबीवर हिरवी पानं, ‘शंभर टक्के नैसर्गिक’, ‘साइड इफेक्ट नाहीत’ अशी अक्षरं. आणि कॅप्सूल घेतल्यावर पहिल्याच दिवशी भूक मरते, तोंडाला कोरड पडते, छाती धडधडते, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. असं होत असेल तर आत डबीवर न छापलेलं औषध असण्याची दाट शक्यता आहे. ग्रीन टी, गार्सिनिया, मेथी, त्रिफळा यांतलं काहीही तासाभरात भूक बंद पाडत नाही.

मी औषधांच्या विश्लेषणाच्या क्षेत्रात काम करते. लोक डबी पुढे करून म्हणतात, “मॅडम, यात काही केमिकल आहे का, जरा बघून द्या ना.” त्यांची काळजी रास्त असते, पण या प्रश्नाचं उत्तर कुठलंच यंत्र देत नाही. काय शोधायचं ते यंत्राला आधी सांगावं लागतं. शिसं शोधलं तर शिशाचं उत्तर मिळतं, जंतू शोधले तर जंतूंचं. ‘लॅब टेस्टेड’ छापलेल्या आणि खराखुरा रिपोर्ट जोडलेल्या मालातही औषध निघतं ते याचमुळे. ते कुणी शोधलेलंच नसतं. तेव्हा पुढची सगळी खटपट एकाच गोष्टीसाठी आहे: नेमकं काय शोधायचं हे ठरवणं आणि ते शोधू शकणाऱ्या माणसापर्यंत डबी नीट पोहोचवणं.

आधी हे कळू द्या: मिसळतात तरी काय?

यादीत सगळ्यात वर सिब्युट्रामिन. हे मुळात डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारं, भूक कमी करणारं औषध. अमेरिकेत १९९७ मध्ये मंजूर झालं आणि ‘मेरिडिया’ नावाने विकलं गेलं. युरोपात त्याचं नाव ‘रिडक्टिल’. पुढे हृदयविकाराचा धोका असलेल्या सुमारे दहा हजार लोकांवर ‘स्काउट’ नावाची मोठी चाचणी झाली. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात अशा घटना औषध घेणाऱ्यांपैकी ११.४ टक्के लोकांत घडल्या, तर औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपैकी १० टक्के लोकांत. म्हणजे धोका सुमारे १६ टक्क्यांनी वाढला. २०१० मध्ये युरोप आणि अमेरिकेच्या बाजारातून ते गेलं आणि फेब्रुवारी २०११ मध्ये भारत सरकारनेही त्यावर बंदी घातली.

बंदी आली तरी भुकटी बनवणारे थांबले नाहीत. अमेरिकेच्या एफडीएने (अन्न आणि औषधांवर नियंत्रण ठेवणारी सरकारी संस्था) २००७ ते २०१६ या काळात औषधाची भेसळ सापडलेल्या ७७६ सप्लिमेंटची नोंद केली. त्यांतली ३१७ वजन घटवण्यासाठी विकली जाणारी होती आणि त्या ३१७ पैकी २६९ मध्ये सिब्युट्रामिन होतं. भेसळ करणाऱ्यांना ते का सोयीचं पडतं हेही समजून घ्या. एका कॅप्सूलला पाच-दहा मिलिग्रॅम पुरतं, पांढरी भुकटी कशातही मिसळून जाते आणि गिऱ्हाइकाला पहिल्या दिवसापासून ‘गुण’ जाणवतो.

दुसरं फिनॉल्फ्थॅलीन. शाळेच्या प्रयोगशाळेत आम्लारीला गुलाबी करणारं तेच दर्शक. एके काळी ते जुलाबाचं औषध म्हणून सर्रास मिळायचं. कर्करोगाचा संशय आल्यावर अमेरिकेने १९९९ मध्ये ते चिठ्ठीविना मिळणाऱ्या औषधांतून काढून टाकलं. पोट रिकामं होतं, काटा एक किलो खाली येतो आणि माणूस खूश होतो. त्या किलोत चरबी नसते, पाणी आणि मळ असतो. बायसॅकोडिल हा त्याच जातीचा दुसरा प्रकार.

त्यानंतर लघवी वाढवणारी औषधं, मुख्यतः फ्युरोसेमाइड. कुस्तीच्या वजनगटात बसायला धडपडणाऱ्या पोरांना हे नाव ठाऊक असतं. उत्तेजक द्रव्यांच्या जागतिक यादीत ते बंदी घातलेल्यांत आहे आणि सिब्युट्रामिनही आहे. म्हणजे ‘चूर्ण’ समजून घेतलेल्या पुडीमुळे एखाद्या खेळाडूची कारकीर्द संपू शकते. याशिवाय थायरॉइडचं संप्रेरक, नैराश्यावरचं फ्लुओक्सेटिन, एफेड्रिन आणि क्लेनब्युटेरॉल ही उत्तेजकंही सापडतात.

दोन प्रकार खास सांगायला हवेत, कारण त्यांत दुरुस्तीला वेळच मिळत नाही. एक डीएनपी, म्हणजे डायनायट्रोफिनॉल. पिवळी भुकटी. १९३० च्या दशकात वजन घटवायला वापरली गेली आणि माणसं दगावल्यावर बंद झाली. आज ती जिमच्या वर्तुळातून आणि इंटरनेटवरून फिरते. पेशींमधली ऊर्जा नुसत्या उष्णतेत जाते, ताप चढत राहतो आणि त्यावर उतारा नाही. दुसरा फेनफ्ल्युरामिनचा भाईबंद, एन-नायट्रोसोफेनफ्ल्युरामिन. मूळ फेनफ्ल्युरामिन हृदयाच्या झडपा खराब करतं म्हणून १९९७ मध्ये अमेरिकेत मागे घेतलं गेलं. त्याचा रेणू जरा बदलून केलेला हा पदार्थ २००२ मध्ये सिंगापुरात ‘स्लिम १०’ नावाच्या गोळ्यांत सापडला. तिथली अभिनेत्री अँड्रिया डी क्रूझ हिचं यकृत निकामी झालं आणि तिच्या होणाऱ्या नवऱ्याने आपल्या यकृताचा तुकडा दिला म्हणून ती वाचली.

भेसळ कारखान्यातूनच येते असंही नाही. २०२३ च्या सुमारास अमेरिकेत ‘तेहोकोते’ नावाच्या मेक्सिकन फळझाडाचं मूळ म्हणून वजन घटवणारे तुकडे ऑनलाइन विकले जात होते. तपासल्यावर त्यात पिवळी कण्हेर निघाली. आपल्या अंगणातली, पिवळ्या घंटेसारख्या फुलांची, जिच्या बियांना हात लावू नको म्हणून आजी ओरडायची तीच बिट्टी. तिच्यातली विषं हृदयाचे ठोके बिघडवतात. आणि तो माल खरोखरच ‘शंभर टक्के नैसर्गिक’ होता.

पायरी १: घेणं थांबवा, डबी मात्र टाकू नका

संशय आला की कॅप्सूल बंद करा. पण घाबरून कचऱ्यात फेकलीत तर पुरावाही गेला. डबी जशी आहे तशी झिपच्या पिशवीत घाला, वर तारीख लिहा आणि थंड, कोरड्या जागी, मुलांच्या हाताबाहेर ठेवा. फ्रिज नको, दमट होतं. बॅच नंबर, उत्पादनाची तारीख, बारकोड, पत्ता आणि कॅप्सूल यांचे फोटो काढा. पार्सलचं वेष्टन, पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट, विक्रेत्याशी झालेल्या गप्पा, सगळं जपून ठेवा. हा माल बऱ्याचदा ओळखीतूनच येतो. सोसायटीतली ताई, जिमचा ट्रेनर, भिशीतली मैत्रीण. “वहिनी, तोंड कोरडं पडतंय म्हणजे चरबी जळतेय, पाणी जास्त प्या” हा मेसेज पुढे फार कामाला येतो, कारण परिणाम काय होणार हे विकणाऱ्याला आधीच माहीत होतं असं त्यातून दिसतं.

जमलं तर त्याच बॅचची एक सीलबंद डबी बिलासकट विकत घ्या. उघडलेल्या डबीबद्दल विक्रेता ‘यांनीच काहीतरी मिसळलं’ म्हणू शकतो, सीलबंद डबीबद्दल तसं म्हणणं त्याला अवघड जातं.

थांबवण्याबाबत एक अपवाद. सांधेदुखीची पुडी किंवा वजन वाढवणारी पावडर असेल तर त्यात स्टेरॉइड असण्याची भीती असते, आणि खूप दिवस घेतलेलं स्टेरॉइड एकदम बंद करणं धोक्याचं ठरतं. तसली गोष्ट डॉक्टरांना विचारूनच सोडा.

पायरी २: लेबल वाचा, पण योग्य ठिकाणी

आधी ठरवा की हा माल कायद्याच्या दृष्टीने कोण आहे. अन्न की औषध?

अन्न म्हणून विकला जात असेल तर एफएसएसएआयचं (भारताची अन्न सुरक्षा संस्था) चिन्ह आणि चौदा अंकी क्रमांक हवा. ‘हेल्थ सप्लिमेंट’ किंवा ‘न्यूट्रास्युटिकल’ असा प्रकार लिहिलेला हवा आणि ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’ ही सूचनाही हवी. क्रमांक एफएसएसएआयच्या फॉसकॉस संकेतस्थळावर टाकून बघा. परवाना कुणाच्या नावावर आहे, चालू आहे का आणि त्यात कुठल्या वस्तू येतात ते दिसतं. लोणच्याच्या किंवा बेकरीच्या परवान्याचा क्रमांक कॅप्सूलच्या डबीवर छापलेला सापडला, तर तिथेच तक्रारीला पुरेसा आधार मिळाला. परदेशी माल असेल तर भारतातल्या आयातदाराचं नाव, पत्ता आणि परवाना क्रमांक यांचं स्टिकर हवं. नुसती चिनी अक्षरं आणि एक क्यूआर कोड असलेली डबी घेऊच नका.

आयुर्वेदिक औषध म्हणून विकला जात असेल तर एफएसएसएआय लागू नाही. तिथे राज्य सरकारचा उत्पादन परवाना क्रमांक, बॅच नंबर आणि प्रत्येक घटकाचं नाव प्रमाणासकट हवं. ‘प्राचीन वनौषधींचं गुप्त मिश्रण’ एवढ्यावर भागत नाही. शिवाय औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४ याच्या परिशिष्टात स्थूलपणाचं नाव आहे. म्हणजे ‘या औषधाने लठ्ठपणा बरा होतो’ अशी जाहिरात करायलाच मनाई आहे. ‘पंधरा दिवसांत आठ किलो’ लिहिलेलं पत्रक हाती आलं की ते जपून ठेवा.

एवढं करूनही परवाना खरा निघाला म्हणजे कॅप्सूल स्वच्छ, असं समजू नका. परवाना कारखान्याला मिळतो. बाजारात येणारी प्रत्येक बॅच सरकार तपासत नाही.

मला स्वतःला लेबलवरच्या दोन ओळी सगळ्यात बोलक्या वाटतात. पहिली: ‘सकाळी एकच कॅप्सूल, संध्याकाळी घेऊ नये’. दुसरी: ‘ब्लड प्रेशर, हृदयविकार किंवा नैराश्याची औषधं चालू असणाऱ्यांनी घेऊ नये’. साध्या पानाफुलांच्या भुकटीला ही पथ्यं कशाला? सिब्युट्रामिनची पथ्यं मात्र हुबेहूब हीच होती.

पायरी ३: नाव यादीत आहे का बघा

अमेरिकेची एफडीए भेसळ सापडलेल्या सप्लिमेंटची यादी संकेतस्थळावर ठेवते. सिंगापूरची एचएसए ही आरोग्य नियामक संस्था आणि हाँगकाँगचा आरोग्य विभागही असे इशारे सतत काढतात. आखातातून, बँकॉकहून किंवा अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून आलेल्या डबीसाठी या याद्या आधी चाळा. तिकडे राहणाऱ्या मराठी मंडळींनी हेही ध्यानात ठेवावं की अमेरिकेत १९९४ च्या कायद्यानुसार सप्लिमेंट बाजारात आणण्यापूर्वी एफडीएची मंजुरी लागत नाही. दुकानात राजरोस मिळतंय याचा अर्थ कुणी तपासलंय असा होत नाही. नाव यादीत नसेल तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. हे लोक नाव आणि डबी सारखी बदलत असतात.

पायरी ४: शरीर काय सांगतंय ते लिहून काढा

ही पायरी लोक गाळतात, आणि प्रयोगशाळेला सगळ्यात जास्त उपयोग हिचाच होतो. काय शोधायचं ते इथून कळतं. कॅप्सूल किती वाजता घेतली, त्यानंतर किती वेळाने काय झालं, रक्तदाब आणि नाडी किती होती हे तारखेसह एका कागदावर मांडा.

भूक एकदम मरणं, तोंड कोरडं, बद्धकोष्ठ, झोप उडणं, नाडी आणि रक्तदाब वाढणं: सिब्युट्रामिनकडे बोट. हात थरथरणं, घाम, उकाडा सहन न होणं, धडधड: थायरॉइड संप्रेरक किंवा क्लेनब्युटेरॉल. पोटात कळा येऊन पातळ जुलाब: फिनॉल्फ्थॅलीन, बायसॅकोडिल, किंवा सरळ सोनामुखी. सारखी लघवी, पायात गोळे, उठल्यावर चक्कर: फ्युरोसेमाइडसारखं काही. शौचाला तेलकट, नारिंगी डाग: ऑर्लिस्टॅट, म्हणजे खाल्लेली चरबी पचू न देणारं औषध. त्वचा किंवा लघवी पिवळी आणि अंगात भट्टी पेटल्यासारखा ताप: डीएनपीचा संशय धरा आणि घरी एक क्षणही थांबू नका.

डॉक्टरांकडे जाताना डबी सोबत न्या आणि ‘काहीतरी हर्बल घेत होते’ एवढ्यावर विषय संपवू नका. ईसीजी, रक्तातलं पोटॅशियम, यकृताच्या तपासण्या आणि टीएसएच (थायरॉइडची रक्तचाचणी) यांतून बरंच कळतं. टीएसएच तळाला गेलेलं असेल तर डॉक्टरांना थायरोग्लोब्युलिनबद्दल, म्हणजे थायरॉइड ग्रंथीत तयार होणाऱ्या प्रथिनाबद्दल, विचारा. स्वतःची थायरॉइड ग्रंथी जास्त काम करत असेल तर थायरोग्लोब्युलिन वाढलेलं असतं. संप्रेरक बाहेरून पोटात जात असेल तर ते खाली जातं. या एका आकड्यामुळे नसलेल्या थायरॉइडच्या आजारावर उपचार सुरू होण्यापासून माणूस वाचतो.

नैराश्याची किंवा चिंतेची औषधं आधीपासून चालू असतील तर ते आवर्जून सांगा. त्यांतल्या काहींबरोबर सिब्युट्रामिन गेलं तर सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाचा मारा होऊन ताप, थरथर, गोंधळलेपण येऊ शकतं.

छातीत दुखणं, शुद्ध हरपणं, बोलणं अडखळणं, तोंड वाकडं होणं, डोळे पिवळे दिसणं यांपैकी काहीही दिसलं तर १०८ ला फोन करा. तपासणी नंतर होईल.

पायरी ५: घरी करता येईल अशी एकच चाचणी

इंटरनेटवर ‘भेसळ ओळखा’ म्हणून डझनभर घरगुती उपाय फिरतात. पाण्यात टाका, जाळून बघा, आयोडीन घाला. सिब्युट्रामिनच्या बाबतीत त्यांचा काडीचा उपयोग नाही. चारशे मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये दहा मिलिग्रॅम औषध म्हणजे अडीच टक्के. ते डोळ्यांना दिसत नाही, चवीला कळत नाही. आणि चव घेऊ तर मुळीच नका.

घरी शोधता येण्याजोगी गोष्ट एकच, फिनॉल्फ्थॅलीन. पानाला लावायचा चुना चमचाभर घेऊन पेलाभर पाण्यात ढवळा आणि तासभर ठेवा. वरची नितळ निवळी हळूच दुसऱ्या भांड्यात ओतून घ्या. मेडिकलच्या दुकानातलं सर्जिकल स्पिरिट चमचाभर काचेच्या वाटीत घ्या, त्यात अर्ध्या कॅप्सूलची पूड टाका, ढवळा आणि दहा मिनिटं तळ बसू द्या. वरच्या द्रवाचे चार-पाच थेंब पांढऱ्या बशीत काढा. त्यावर निवळीचे दोन-तीन थेंब सोडा. जवळपास गॅस किंवा समई पेटती नको, निवळी डोळ्यात जाता कामा नये आणि वाटी-बशी पुन्हा स्वयंपाकात वापरू नका.

भडक गुलाबी, जांभळट झाक असलेला रंग तत्काळ आला तर संशय पक्का करायला त्यावर लिंबू पिळा. फिनॉल्फ्थॅलीनचा गुलाबी रंग लिंबाने पूर्ण उडतो, द्रव पहिल्यासारखा दिसतो.

पण घाई नको. हळदीत चुना पडला की कुंकवासारखा लाल होतो हे मराठी घराला सांगायला नको, आणि वजनाच्या कॅप्सूलमध्ये हळद बऱ्याचदा असते. हळदीचा लाल तपकिरीकडे झुकतो आणि लिंबू पिळल्यावर बशीत ठळक पिवळा उरतो. सोनामुखी, रेवंदचिनी, कोरफडीचा एळिया यांतली द्रव्यंही आम्लारीत गुलाबी-लाल होतात आणि लिंबाने पुन्हा पिवळसर होतात. अर्क पातळ असेल तर फरक ओळखणं खरंच कठीण जातं. म्हणून शेजारी तुलनेसाठी दोन बशा ठेवा. एकीत नुसती हळद, दुसरीत सोनामुखीचं चूर्ण, दोन्हींची तशीच तयारी करून. तिन्हींचे फोटो एकाच उजेडात घ्या.

गुलाबी रंग आला तर प्रयोगशाळेला सांगायला एक नाव मिळालं. नाही आला तर फिनॉल्फ्थॅलीन बहुधा नाही, इतकंच. बाकीच्या डझनभर औषधांबद्दल ती बशी काहीही सांगत नाही.

पायरी ६: प्रयोगशाळा निवडणं

इथे बहुतेकांचे पैसे वाया जातात. जवळच्या अन्न तपासणी प्रयोगशाळेत डबी दिली, ‘सगळं तपासा’ म्हटलं, आणि हातात येतो ओलावा, राख, शिसं, पारा, बुरशी यांचा रिपोर्ट. सगळं ‘मर्यादेत’. औषधाचं नावही नाही.

प्रयोगशाळेला एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता आहे का ते बघा, आणि मान्यतेची व्याप्तीही वाचा. एनएबीएलच्या संकेतस्थळावर प्रत्येक प्रयोगशाळा कुठल्या पदार्थात, काय, कोणत्या पद्धतीने तपासू शकते याची यादी असते. न्यूट्रास्युटिकल किंवा आयुर्वेदिक उत्पादनांत औषधांची भेसळ शोधण्याची नोंद तिथे हवी. ती असलेली प्रयोगशाळा लांबच्या शहरात असली तरी तिकडेच कुरियर करा. पत्रात असं लिहा:

“वजन घटवण्यासाठी विकल्या जाणाऱ्या कॅप्सूलमध्ये लेबलवर न दाखवलेली औषधं शोधायची आहेत. सिब्युट्रामिन, डेसमिथाइल आणि डायडेसमिथाइल सिब्युट्रामिन, फिनॉल्फ्थॅलीन, फेनफ्ल्युरामिन, फ्लुओक्सेटिन, फ्युरोसेमाइड, बायसॅकोडिल, एफेड्रिन आणि थायरॉइड संप्रेरकं यांची एलसी-एमएस/एमएसने तपासणी करून प्रत्येकाची शोधमर्यादा आणि सापडल्यास प्रति कॅप्सूल प्रमाण कळवावं. तुमच्या तपासणीत यांतली कुठली येत नाहीत तेही आधी सांगावं.”

हे शेवटचं वाक्य गाळू नका. प्रामाणिक प्रयोगशाळा लगेच सांगते.

पद्धतींबद्दल थोडं, कारण दराच्या पत्रकात हीच नावं दिसतील. टीएलसी (पातळ थरावर द्रव्यं ठिपक्यांत वेगळी करणारी पद्धत) स्वस्त आहे, फार्मसी कॉलेजातही होते, पण सिब्युट्रामिन २५४ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली जेमतेम दिसतं आणि वनस्पतींच्या ठिपक्यांच्या गर्दीत हरवतं. हातात धरायचं रामन यंत्र किंवा एफटीआयआर (दोन्ही प्रकाशाच्या साहाय्याने पदार्थ ओळखतात) शुद्ध भुकटी चटकन ओळखतं, अडीच टक्क्यांना बऱ्याचदा चकतं. एचपीएलसी (दाबाखालच्या द्रवाने द्रव्यं वेगळी करणारी पद्धत) बरी, पण तिला खात्रीसाठी जोड लागते. भरवशाची म्हणाल तर एलसी-एमएस/एमएस, जी द्रव्यं वेगळी करून रेणूंचं आणि त्यांच्या तुकड्यांचं वस्तुमान मोजते. आधी पूड मिथेनॉलमध्ये हलवून, गाळून, पातळ करून यंत्रात सोडतात. सिब्युट्रामिन असेल तर २८० या वस्तुमानावर शिखर उभं राहतं आणि शेजारी २८२ वर त्याच्या एक तृतीयांश उंचीचं दुसरं, कारण रेणूत एक क्लोरीन आहे आणि क्लोरीन निसर्गात दोन वजनांत, साधारण तीनास एक, असं मिळतं. मग तो रेणू फोडतात आणि १२५ व १३९ चे तुकडे येतात का ते बघतात. प्रमाणित नमुन्याचेही नेमके तेच तुकडे, त्याच वेळेला आणि त्याच प्रमाणात आले तरच होकार द्यायचा. मी २८०-२८२ ची ही जोडी कित्येकदा पडद्यावर पाहिली आहे, आणि दर वेळी कॅप्सूल घेणाऱ्या माणसाचा रक्तदाब किती असेल हाच विचार आधी मनात येतो.

भेसळ करणारे हेही ओळखून असतात. ते रेणूला एखादा कार्बन जोडतात, एखादा मिथाइल गट काढतात, म्हणजे ठरावीक नावांच्या यादीतून माल सुटतो. सगळी लक्षणं सिब्युट्रामिनची आणि रिपोर्ट मात्र कोरा असेल तर उच्च विभेदन क्षमतेच्या यंत्रावर, क्यूटॉफवर, यादीबाहेरच्या रेणूंचाही शोध घ्या असं सांगा.

नमुना देताना एक-दोन कॅप्सूल पाठवू नका. एकाच डबीतल्या कॅप्सूलमध्ये औषध कमीजास्त असतं. काळजीपूर्वक मिसळण्याची त्यांना गरजच वाटत नाही. निदान वीस कॅप्सूल द्या आणि काही सुट्ट्या-सुट्ट्या तपासायला सांगा. सीलबंद डबी स्वतःकडेच ठेवा.

पायरी ७: रिपोर्ट वाचणं

‘आढळलं नाही’ या शब्दांशेजारी शोधमर्यादा, म्हणजे त्या पद्धतीला सापडू शकणारं कमीत कमी प्रमाण, दिलेली आहे का ते आधी पाहा. ती नसेल तर त्या शब्दांना अर्थ नाही. मग नमुन्याचं वर्णन पाहा: बॅच नंबर तुमच्याच डबीचा आहे ना?

सापडलं असेल तर आकडा बहुधा प्रति ग्रॅम दिलेला असतो. समजा, १२ मिलिग्रॅम प्रति ग्रॅम. कॅप्सूलमधली पूड ०.४ ग्रॅम. म्हणजे एका कॅप्सूलमध्ये ४.८ मिलिग्रॅम. सिब्युट्रामिन औषध म्हणून ५, १० आणि १५ मिलिग्रॅमच्या ताकदीत मिळायचं, आणि ते वजन हायड्रोक्लोराइड मोनोहायड्रेटचं असायचं. त्या हिशेबाने हे साडेपाच मिलिग्रॅमच्या पुढे जातं. विक्रेता ‘अंशमात्र आलं असेल, मशीनला चिकटलेलं’ म्हणेल तेव्हा हे गणित पुढे ठेवा. दिवसाला तीन कॅप्सूल सांगितल्या असतील तर तीनने गुणा.

कंपनी स्वतःचा रिपोर्ट दाखवत असेल तर त्यात औषधांची नावं शोधा. तसली एकही ओळ नसेल तर तो रिपोर्ट खरा असूनही तुमच्या प्रश्नाचं उत्तर नाही. खेळाडूंनी ‘इन्फॉर्म्ड स्पोर्ट’ किंवा ‘एनएसएफ सर्टिफाइड फॉर स्पोर्ट’ असं चिन्ह असलेली डबी घ्यावी आणि ते चिन्ह देणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर उत्पादनाची नोंद, बॅच नंबरसह, जुळवून पाहावी.

पायरी ८: तक्रार, आणि कायद्याचं एक कमी वापरलं जाणारं कलम

अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ याचं कलम ४० ग्राहकाला स्वतः नमुना अन्न विश्लेषकाकडून तपासून घेण्याचा हक्क देतं. अट एकच: ‘मी हा माल तपासणीसाठी घेत आहे’ असं विकत घेतानाच विक्रेत्याला सांगावं लागतं. शुल्क भरायचं, विश्लेषकाने नमुना मिळाल्यापासून चौदा दिवसांत अहवाल द्यायचा, आणि माल कायद्यात बसत नसल्याचं निघालं तर शुल्क परत मिळतं. खासगी प्रयोगशाळेच्या रिपोर्टपेक्षा कारवाईच्या दृष्टीने हा अहवाल वजनदार. दुकानातून घेताना साक्षीदार सोबत न्या.

ते शक्य नसेल तर महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाला कळवा. टोल फ्री क्रमांक १८००२२२३६५. जिल्ह्याच्या कार्यालयात लेखी अर्ज देऊन पोच घेणं जास्त चांगलं. अर्ज अन्न आणि औषध दोन्ही शाखांच्या नावे करा, नाहीतर ‘हे आमच्याकडे येत नाही’ यात महिने जातात. अन्न म्हणून विकलेल्या वस्तूत बंदी घातलेलं औषध निघालं, तर प्रश्न दोघांचाही आहे. अन्न सुरक्षा अधिकारी नमुना घेतो तेव्हा त्याचे चार भाग होतात. एक विश्लेषकाकडे जातो, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे राहतात आणि चौथा विक्रेत्याने मागितल्यास मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे जातो. त्यामुळे पुढे कुणी रिपोर्टवर शंका घेतली तर फेरतपासणी होऊ शकते. देशपातळीवर एफएसएसएआयचं फूड सेफ्टी कनेक्ट आहे, आणि पैसे परत मिळवण्यासाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५.

त्रास झाला असेल तर एक नोंद वेगळी करा. औषधांच्या दुष्परिणामांवर नजर ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. त्याचा क्रमांक १८००१८०३०२४. रुग्ण स्वतः फोन करू शकतो, डॉक्टरांनी अर्ज भरला तर आणखी चांगलं. फोनवर कॅप्सूलचं नाव, बॅच नंबर, किती दिवस घेतली, काय झालं, बंद केल्यावर बरं वाटलं का, एवढं सांगा. यातलं सगळं पायरी ४ च्या कागदावर आहेच.

ज्या ग्रुपमधून डबी आली त्याच ग्रुपवर बॅच नंबर आणि रिपोर्टचं पान टाका, तुमच्याबरोबर ज्यांनी घेतली त्यांना वेगळा फोनही करा. विशेषतः ज्यांना रक्तदाब आहे, ज्या गरोदर आहेत किंवा बाळाला पाजत आहेत, त्यांना आधी.